आंब्यातली अळी, हवाईची बेटं आणि आपण न ओळखलेला राखणदार

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसलात तरी चालेल.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला, आठवतंय ना? आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद. ऐन हंगामात हापूसच्या पेट्या अडकल्या. तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. डिप्लोमा करून दहा-बारा वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं असा समज होता. मी बातमी ठोकून दिली. युरोपची दादागिरी, कोकणच्या बागायतदारावर अन्याय, दलालांचं कारस्थान वगैरे. चार कॉलम छापून आली. लोकांनी फोन करून कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतले एक बागायतदार काका भेटले. म्हणाले, "पेपरवाल्या, बातमी झकास. आता माझ्याबरोबर बागेत चल." बागेत गेलो. त्यांनी कलमाखाली पडलेला एक आंबा उचलला, खिशातला चाकू काढला आणि माझ्यासमोर कापला. आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ. मी शहाणपणा करत म्हटलं, "साका असेल." काका हसले. "साका चालतो काय रे? हा चालतोय बघ."

एक अळी उडी मारून माझ्या चपलेवर पडली. हो, फळमाशीची अळी उडी मारते.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं, म्हणजे वाचलं. २०१३ साली भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ मालांमध्ये फळमाशी आणि तसल्या किडी सापडल्या होत्या. आपली माशी आपल्या टोमॅटो-काकडीत घुसेल ही तिकडच्या शेतकऱ्यांची भीती होती. दादागिरीचा भाग असेल-नसेल, पण अळी खरी होती. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली, कारण आपण वाफेच्या प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था दाखवून दिली. माझ्या बातमीने उठली नाही.

तेव्हापासून या माशीचा इतिहास मी जमेल तसा गोळा करतोय. त्यातली एक गोष्ट आज सांगायची आहे. ती घडली पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांवर. पण तिचा शेवट आपल्या कलमाखाली येऊन थांबतो.

आधी माशीचा जीवनक्रम थोडक्यात बघू.

फळमाशीची मादी पिकायला आलेल्या फळाच्या सालीत सुईसारखं टोक खुपसून आत अंडी घालते. बाहेरून दिसतो फक्त एक बारीक टिपका. अंड्यातून अळ्या निघतात, गर खातात, फळ आतून सडतं आणि गळतं. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि तिथे वरच्या थरात त्यांचे कोष होतात. दिसायला जाडसर तांदळाच्या दाण्यासारखे, रंगाने तपकिरी. कोषातून नवी माशी निघते. सगळा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा. फवारणीचं औषध सालीच्या आतल्या अळीला सहज गाठत नाही, मातीतल्या कोषालाही नाही.

पण एक जीव गाठतो. तो म्हणजे बारीक गांधीलमाशी. नाव ऐकून घाबरू नका, ही घराच्या वाशाला पोळं लावणारी नव्हे. तांदळाच्या दाण्याहून लहान असते आणि माणसाला चावायला तिला फुरसत नसते. ती आपलं अंडं फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत घालते. तिचं पिल्लू फळमाशीला आतून खातं आणि शेवटी कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. देशावरचे ऊस-कपाशीवाले 'ट्रायकोकार्ड' लावतात, त्या कार्डावर असाच एक परोपजीवी कीटक असतो. घराणं वेगळं, धंदा तोच.

आता हवाईकडे चला.

किडीविरुद्ध कीड सोडायची ही कल्पना तिथे नवी नव्हती. १८८८ साली आल्बर्ट कोबेले नावाच्या माणसाने ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाला एक ढालकिडा पाठवला आणि त्याने तिथल्या संत्री-लिंबांच्या बागा एका खवले किडीपासून वाचवल्या. त्या यशाने अमेरिकन बागायतदारांना एक गोष्ट कळली. कीड परदेशातून येते तेव्हा ती एकटीच येते, तिचे वैरी मूळ गावी राहतात. मग त्या गावी जाऊन वैरी शोधून आणायचे. कोबेले पुढे हवाईतही हेच काम करत राहिला.

१९१० साली हवाईत भूमध्य सागराकडची फळमाशी सापडली. तिचे वैरी शोधायला इटलीचा कीटकशास्त्रज्ञ फिलिप्पो सिल्वेस्त्री १९१२-१३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत हिंडला. विमान नाही, शीतपेटी नाही. कीडलेली फळं गोळा करायची, कोष वेगळे करायचे आणि आगबोटीच्या प्रवासात गांधीलमाश्यांच्या पिढ्या जिवंत ठेवत न्यायच्या. महिनोन्‌महिने.

त्याआधीपासूनच हवाईत आणखी एक माशी ठाण मांडून होती, काकडी-कारली-भोपळ्यावरची. आपल्याकडे वेलभाज्यांवर हीच असते. तिचा वैरी शोधायला डेव्हिड फुलावे हा हवाईचा माणूस निघाला आणि १९१६ साली तो वैरी घेऊन गेला कुठून? भारतातून. त्या गांधीलमाशीच्या नावात फ्लेचर हे आडनाव आहे. टी. बेनब्रिग फ्लेचर हे त्या काळी बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेतले मोठे कीटकतज्ज्ञ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातली गांधीलमाशी हवाईच्या काकड्या राखायला गेली होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

ती तिथे रुजली. पण निकाल अर्धाच लागला. रानात आपोआप वाढणाऱ्या बारक्या कारल्यांमध्ये तिने माशीचा चांगलाच बंदोबस्त केला. शेतातल्या मोठ्या काकडी-भोपळ्यात मात्र तिचं तेवढं चाललं नाही. मोठ्या फळात अळ्या खोल गरात असतात, तिथपर्यंत हिचं टोक पोचत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी लढाई दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४५-४६ च्या सुमारास हवाईत आशियातली फळमाशी येऊन पोचली. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. ही आपली ओळखीची, आंब्यातली. युद्धकाळात बेटाबेटांवरून लष्करी सामानाची ये-जा होती, त्यातूनच ती आली असावी असं मानलं जातं. तिथे तिला रान मोकळं मिळालं. हवाईच्या दऱ्याखोऱ्यांत पेरू रानटी वाढतो, मैलोन्‌मैल. पेरू, आंबा, पपई, जे पिकेल ते ही माशी गाठू लागली. आधीपासून असलेल्या भूमध्य सागरी माशीलाही तिने सखल भागातून हुसकावून लावलं.

घाबरलं ते मुख्य भूमीवरचं कॅलिफोर्निया. ही माशी आपल्या बागांत आली तर? मग पैसा उभा राहिला. अमेरिकेचं कृषी खातं, हवाईचं शेती मंडळ, तिथलं विद्यापीठ, ऊसवाल्यांची आणि अननसवाल्यांची संशोधन केंद्रं, कॅलिफोर्नियाचे शास्त्रज्ञ असे सगळे एकत्र आले. १९४७ पासून शोधपथकं बाहेर पडली. मलाया, फिलिपाइन्स, बोर्निओ, भारत अशा अनेक ठिकाणी फिरून त्यांनी कीडलेली फळं गोळा केली. त्यातले कोष विमानाने होनोलुलूला जायचे. तिथे बंद खोलीत कोषातून काय बाहेर पडतं ते बघायचं, नको ते जीव मारायचे, हवे ते वाढवून सोडायचे.

आता यातली मेख बघा. कोष बाहेरून सगळे सारखे. आत माशी आहे की गांधीलमाशी, आणि असली तर कोणती, हे तो फुटेपर्यंत कळत नाही. फुटल्यावरही ज्या बाहेर पडतात त्या बारीक, तांबूस-तपकिरी, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. त्यामुळे एकाच नावाखाली दोन-तीन जाती मिसळून सोडल्या गेल्या आणि ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे झालं असं. १९४८ मध्ये पहिली जात जोरात वाढली. तिच्या मागे अंगापेक्षा लांब शेपटीसारखी सुई असते. त्यावरूनच तिचं नाव लाँगिकॉडाटा, म्हणजे लांबशेपटी. ही सडत्या फळाच्या वासावर येते आणि आत वळवळणाऱ्या मोठ्या अळीला सुई टोचते. सगळे खूश. १९४९ मध्ये चित्र पालटलं. लांबशेपटी मागे पडली आणि लहान अळीला गाठणारी दुसरी जात पुढे आली. आणि १९५० मध्ये तीही मागे पडली. तिसरीच कुणीतरी सगळीकडे दिसू लागली.

ही तिसरी कोण? रॉबर्ट व्हॅन डेन बॉश हा तिथे काम करणारा तरुण कीटकशास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी हारामोटो यांनी १९५१ मध्ये तिचं गुपित छापून सांगितलं. ही गांधीलमाशी अळीची वाटच बघत नाही. फळमाशीने फळात अंडी घातली की ही सालीवर बसून थेट त्या अंड्यात आपलं अंडं घालते. फळमाशीची अळी जन्मते तीच पाहुणा पोटात घेऊन. ती खाते, वाढते, मातीत जाते, कोष करते. तोवर आतलं पिल्लू दम धरून गप्प बसलेलं असतं. कोष झाला की ते कामाला लागतं. पुढे तिची शास्त्रीय ओळख पक्की झाली, फोपियस अरिसानस.

बाकीच्या दोघी मागे का पडल्या तेही आता कळतं. त्या अळीपर्यंत पोचायच्या तेव्हा आत आधीच कुणीतरी राहायला आलेलं असायचं. एका अळीत दोघींची पिल्लं असली की आधी आलेली टिकते, मागून आलेली मरते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसंच.

म्हणजे बघा, एवढा खर्च, एवढे देश, एवढे शास्त्रज्ञ. आणि लढाई जिंकून दिली ती कुणी ओळखून निवडलेल्या जातीने नाही. गर्दीत मिसळून आलेल्या, चुकीच्या नावाने सोडलेल्या जातीने. मला ही गोष्ट वाचताना आपला कोकणातला राखणदार आठवला. आहे सगळ्यांना माहीत, पाहिलेला कुणी नाही.

किती फरक पडला? या एका गांधीलमाशीने फळमाशीच्या जवळजवळ ६५ ते ७० टक्के पिढीचा खात्मा केल्याची नोंद त्या काळात झाली. माशीची संख्या उतरली आणि पुन्हा पहिल्यासारखी चढली नाही. डीडीटी नुकतंच लष्कराच्या गोदामातून शेतात आलेलं होतं आणि औषध मारलं की संपलं अशी हवा होती, त्या वर्षांत हे झालं. व्हॅन डेन बॉश पुढे कॅलिफोर्नियात गेला. १९५९ मध्ये त्याने तीन सहकाऱ्यांसोबत एक निबंध लिहिला. त्यातला विचार साधा होता. कीड दिसली की फवारायचं नाही. नुकसान खर्चापेक्षा वाढण्याची पातळी गाठत असेल तेव्हाच फवारायचं, आणि तेही मित्रकिडे वाचवून. आज कृषी सहायक 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' आणि 'आर्थिक नुकसानीची पातळी' हे शब्द उच्चारतो, त्यांची मुळं तिथे आहेत.

पण मी आता चार कॉलमवाला पत्रकार राहिलो नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

एक, हवाईतून फळमाशी गेली नाही. आजही आहे. गांधीलमाशी आपला शिकार पूर्ण संपवत नाही, संपवला तर तीच उपाशी मरेल.

दोन, पोटात गांधीलमाशीचं पिल्लू असलेली अळीसुद्धा फळ खातच राहते. म्हणजे आजचा तुमचा आंबा वाचत नाही. महिन्याभराने उडणारी पुढची पिढी कमी होते. पेटीत एकही अळी चालणार नाही म्हणणाऱ्या परदेशी बाजाराला नुसत्या गांधीलमाशीच्या भरवशावर माल देता येत नाही. वाफेची प्रक्रिया, तपासणी हे लागणारच.

तीन, बाहेरून जीव आणून सोडणं हा पोरखेळ नव्हे. हवाईतच एक गंमत झाली. घाणेरी, म्हणजे आपली टणटणी, रोखायला त्यांनी तिच्या खोडात गाठी करणारी एक माशी मुद्दाम आणली होती. भूमध्य सागरी फळमाशीसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेली एक गांधीलमाशी त्या उपयोगी माशीच्याच मागे लागली. मित्राने मित्राला खाल्लं.

चार, एकट्या गांधीलमाशीवर न थांबता हवाईवाल्यांनी २००० नंतर सगळे उपाय एकत्र बांधले. पडलेली फळं उचलणं, आमिषाचं औषध, नरांचे सापळे, नपुंसक केलेल्या माश्या आणि गांधीलमाश्या. एका बागेत नाही, तर पूर्ण भागातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून.

नरांच्या सापळ्यावरून आठवलं. आपल्या बागांत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा टांगलेला असतो. त्यात मिथाइल युजेनॉल असतं. ते नर माशीला वेड लावतं हा शोध कुठला? भारतातलाच. वर ज्या पुसाचं नाव आलं तिथेच एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. सिट्रोनेला तेलाच्या वासाला नर फळमाश्या जमतात हे त्यांनी १९१२ मध्ये मांडलं आणि १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचले. या वासाच्या आणि विषाच्या जोरावर १९६२-६३ मध्ये पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या बेटावरून ही माशी पूर्ण नाहीशी करून दाखवली गेली. पण ते चिमुकलं, एकाकी बेट होतं. आपल्याकडे चारी बाजूंनी बागा, रायवळ आणि रानफळं. एका बागेतले नर मेले तरी शेजारच्या बागेतून भरलेली मादी येतेच. सापळा लावा, जरूर लावा. पण तो फक्त नर पकडतो हे ध्यानात ठेवा.

आता गोष्ट आफ्रिकेत जाते आणि तिथून घरी येते.

२००३ मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली. आंब्याचा सत्यानाश करत ती बघता बघता खंडभर पसरली. शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये तिला नवं नाव दिलं, इनव्हेडन्स, म्हणजे आक्रमण करणारी. ती श्रीलंकेकडून आली असावी हे तेव्हाच लक्षात आलं होतं. बरीच वर्षं अभ्यास झाल्यावर कळलं की ही वेगळी जात नाहीच, ही तीच आपली डॉर्सॅलिस. आणि तिच्यावर उपाय म्हणून नैरोबीच्या 'इसिपे' या कीटक संशोधन केंद्राने २००६ मध्ये काय मागवलं? हवाईतून फोपियस अरिसानस. आशियातून हवाईत चुकून गेलेली गांधीलमाशी साठ वर्षांनी केनियाच्या आंब्यासाठी निघाली. त्याच सुमारास ताहितीकडच्या फ्रेंच बेटांवरही ती सोडली गेली. तिथे काही वर्षांतच पेरूत वाढणाऱ्या माशीच्या निम्म्याच्या आसपास पिढीवर तिने ताबा मिळवला.

आता आपल्याकडे. इथे थोडा नीट विचार करावा लागतो.

भारतात परदेशी गांधीलमाशी आणून कीड आटोक्यात आणल्याचं ताजं उदाहरण आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा दिसला आणि पुढे आपल्या पुण्याकडच्या पपयांवरही आला. बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यातल्या एकीने कमाल केली आणि पपया वाचल्या. पण तो ढेकूण परका होता, मूळ मेक्सिकोकडचा. त्याचे वैरी इथे नव्हते, म्हणून आणावे लागले.

आंब्याची फळमाशी परकी नाही. ती इथलीच आहे. आणि फोपियस अरिसानस? तीही भारतात आहे. लांबशेपटीही आहे. जग ज्यांना विमानाने मागवतं त्या आपल्याकडे फुकट आहेत. मग आपल्या बागेत अळ्या का?

पहिलं कारण वर आलंच. मोठ्या, गरदार फळात गांधीलमाशी कमी पडते. आपण हापूस मोठा केला, गोड केला, माशीला बंगला बांधून दिला. छोटी फळं, रायवळ, रानफळं इथे गांधीलमाशीचं जास्त चालतं.

दुसरं कारण आपण स्वतः. मोहोर येतो तेव्हापासून तुडतुड्यांसाठी, फुलकिड्यांसाठी फवारण्यांवर फवारण्या. त्या लागतात, मान्य. पण शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही मारायची, दुकानदार देईल ती मारायची, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची, यात सालीवर बसून अंडी शोधणारी ही इवलीशी गांधीलमाशी आधी मरते. फळमाशीची अळी सालीच्या आत सुरक्षित. म्हणजे चोर घरात आणि आपण पहारेकऱ्याला बदडतोय.

तिसरं कारण पडलेला आंबा. चांगला असेल तर कॅनिंगला जातो. कुजका? तो कलमाखालीच राहतो, किंवा गड्याला सांगून बांधाच्या पलीकडे टाकतो. तिथे प्रत्येक कुजक्या आंब्यातून अळ्या मातीत जातात. आपणच माशीची रोपवाटिका चालवतो. कृषी खातं सांगतं, खोल खड्ड्यात पुरा. बरोबर आहे, काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरोबर. पण पुरताना माशीबरोबर तिच्या पोटातली गांधीलमाशीही पुरली जाते.

यावर हवाईवाल्यांनी एक साधी युक्ती काढली. नाव भारी आहे, ऑगमेंटोरियम. वस्तू साधी, जाळीचा तंबू. कीडलेली फळं गोळा करून त्यात टाकायची आणि तंबू बंद. जाळीची भोकं अशी मोजून घेतलेली की जाडजूड फळमाशीला बाहेर पडता येत नाही, बारीक गांधीलमाशी निसटते. माशी आत मरते, राखणदार बागेत परत. हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या शेतकऱ्यांनीही हा तंबू वापरला. ना औषध, ना वीज. फक्त जाळी अचूक हवी आणि तंबूला खालून-बाजूने फट नको, नाहीतर माशीचं पाळणाघर व्हायचं.

या मे महिन्यात मी त्या काकांकडे गेलो होतो. आता थकलेत. बाग मुलगा बघतो. आम्ही रायवळाखालचे दहा-बारा कुजके आंबे एका बादलीत वाळूवर ठेवले, वरून जुनं सुती धोतर घट्ट बांधलं. आठवड्याने वाळू चाळली तर चाळीसेक कोष निघाले. ते बरणीत घातले, तोंडाला फडकं. काही दिवसांनी फळमाश्या निघू लागल्या. मुलगा म्हणाला, "दादा, झालं की. टाकू?" काका म्हणाले, "थांब रे जरा."

बरं झालं थांबलो. माश्या निघून गेल्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या कोषांतून तीन बारीक, तपकिरी, लांब मिशांच्या जीव बाहेर आले. एकीच्या मागे केसासारखी सुई. चाळीसात तीन. फार नाही. पण ज्या बागेत वर्षानुवर्षं फवारणी चाललीय तिथे त्या अजून आहेत हेच मला पुष्कळ वाटलं. काकांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं बागेत आहे, हिला बघितलंच नाही कधी." आणि फडकं सोडून तिघींना त्याच रायवळावर सोडून दिलं.

आता माझं मागणं. हे एकट्या-दुकट्याने होणारं काम नाही, कारण माशीला सातबारा कळत नाही. माझी बाग स्वच्छ आणि शेजाऱ्याच्या बांधावर कुजका ढीग, तर काही उपयोग नाही. पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडूया. एक, हंगामात वाडीवार पडलेली फळं गोळा करण्याची व्यवस्था, आणि त्यासाठी मजुरीची तरतूद. दोन, कृषी विभाग आणि विद्यापीठाच्या मदतीने दोन-तीन वाड्यांत जाळीच्या तंबूचा प्रयोग. आपल्या माशीला आणि आपल्या गांधीलमाशीला कोणती जाळी लागते हे आधी तपासून, आणि कोषांतून काय निघतं याची लेखी नोंद ठेवून. तीन, फवारणीचं वेळापत्रक दुकानदाराच्या नव्हे, कृषी सहायकाच्या सल्ल्याने.

२०१४ ला मी युरोपला जाब विचारला होता. तो विचारायला हरकत नाही, अजूनही विचारू. पण त्या वर्षी कलमाखालच्या कुजक्या आंब्याबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती. ती आज लिहिली.

तुमच्या बागेत बादली-वाळू करून बघा. माश्या निघाल्या की लगेच बरणी फेकू नका, आणखी आठ-दहा दिवस थांबा. काय निघालं ते मला कळवा. फोटो काढलात तर उत्तम. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा, नाही पटलं तर समोर येऊन भांडा. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी मी असतोच.